मधली रेकॉर्ड

चैत्रातली यात्रा तोंडावर आली होती आणि नाथाच्या वाडीतली माणसं मारुतीच्या पारावर वर्गणीचं बोलत बसली होती. मच्छिंद्रने सायकल भिंतीला टेकवली आणि तो सरळ पाराच्या मधोमध जाऊन उभा राहिला. तीन वर्षांत तो गावात येऊन-जाऊन होता, पण पारावर पाय ठेवला नव्हता. समोर छगन बसलेला. अंगात इस्त्रीचा शर्ट, तोंडात पान, आणि त्याने काही बोलायच्या आधीच हसायला तयार असलेली चार टाळकी आजूबाजूला.

"यंदा खालच्या आळीचा कर्णा मी बांधनार," मच्छिंद्र म्हणाला. "आन् वेशीत जो हरंल त्यानं ह्या गावात परत कर्णा बांधायचा न्हाई. कायमचा."

छगनने पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं. "बांध की. बैलं तेवढी सांभाळून आन म्हंजी झालं."

सगळा पार खदखदून हसला. मच्छिंद्र हसणं संपेपर्यंत तिथेच उभा राहिला. कोण किती हसलं ते त्याने नीट पाहून घेतलं, आणि मग गुरवाला म्हणाला, "बन्सीकाका, तुमी ऐकलं न्हवं? तुमच्या साक्षीनं बोललोय." बन्सी गुरवाने मान हलवली. छगनने हात वर करून "कबूल, कबूल" म्हटलं, आणि तेही हसतच.

बैलांचं नाव काढलं की हे गाव का हसायचं ते सांगायला हवं, कारण त्या हसण्यात मच्छिंद्रच्या सख्ख्या बहिणीचा हात मोडलेला आहे.

मच्छिंद्र आणि छगन एका शाळेतले, एका बाकावरचे. छगनच्या मामाने त्याला लाऊडस्पीकरचं मशीन कर्ण्यासकट घेऊन दिलं. छगनला त्यातलं बटण सोडून काही कळत नव्हतं, म्हणून त्याने मच्छिंद्रला भागीत घेतलं. मशीन छगनचं, हात मच्छिंद्रचे. सोनई-घोडेगाव पट्ट्यातली लग्नं त्यांनी पाच-सहा वर्षं गाजवली. त्या वेळी लग्नाचा कर्णा म्हणजे अख्ख्या शिवाराला दिलेली वर्दी असायची. दूर रानात मोट धरलेल्या माणसाला गाण्यावरून कळायचं की आता हळद लागली, आता नवरदेव पारावर आला, आता पंगत बसली, आता पळालं पाहिजे. कोणत्या वेळी कोणती रेकॉर्ड लावायची हे ठरलेलं होतं, आणि ते मच्छिंद्र ठरवायचा. लोक त्याला नावाने बोलवायला लागले. छगनला ते आतून खुपत होतं. तसा तो गोड बोलायचा, पण गोड बोलणाऱ्याचं पोट कुणी उघडून बघत नाही.

एकाहत्तर साल लागलं त्या थंडीत मच्छिंद्र मशीनचे सुटे भाग आणायला नगरला गेला होता. नगरजवळच्या एका आश्रमात तेव्हा गोरी माणसं यायची, केस वाढवलेली, पायात साध्या चपला. त्यातलाच एक पोरगेला गोरा माळीवाड्यातल्या दुकानात आपला रेकॉर्ड प्लेअर काखेत धरून उभा होता. वायर तुटलेली. दुकानदाराला वेळ नव्हता, मच्छिंद्रला होता. त्याने तिथेच बसून वायरीला कथलाचा डाग दिला. गोऱ्याने पैसे पुढे केले, ते मच्छिंद्रने घेतले नाहीत. तेव्हा गोऱ्याने पिशवीतून एक मोठी रेकॉर्ड काढून त्याच्या हातावर ठेवली. कव्हरवर निळं माळरान आणि त्यात एक रिकामी खुर्ची, बाकी काही नाही. मच्छिंद्रने अक्षरं लावून नाव वाचलं: मर्क्युरी ऑर्चर्ड. विलायतेतला बँड.

"पहला वाला सब लिया," गोरा मोडक्या हिंदीत म्हणाला. "बाद वाला भी सब लिया. ये बीच वाला कोई नहीं सुना. तुम सुनो."

मच्छिंद्रने घरी येऊन ती लावली. पहिल्यांदा काहीच वाजलं नाही, आणि मग एकदम असा धडाका निघाला की आढ्यावरची चिमणी उडाली. छगन शेजारी बसलेला होता. त्याने कानावर हात ठेवले आणि सुई उचलली. "डबे पाडल्यावानी वाजतंय. ठेव पेटीत." मच्छिंद्रलाही ते तेव्हा तसंच वाटलं. रेकॉर्ड पेटीच्या तळाला गेली.

वैशाखात भीमाचं लग्न झालं. भीमा म्हणजे भीमाबाई, मच्छिंद्रची पाठची बहीण. आईबापामागे त्यानेच वाढवलेली. कर्णा अर्थातच त्याचा, दारातल्या लिंबाला बांधलेला. पाठवणीची वेळ झाली, बैल जुंपलेली छपराची दमणी लिंबाखाली आणून उभी केली, भीमा आत बसली. मच्छिंद्रच्या डोळ्यांत पाणी मावत नव्हतं. छगनने पेटीतून लग्नाच्या गाण्यांची मोठी रेकॉर्ड काढून कव्हरसकट त्याच्या हातात दिली. "घे, तूच लाव. तुझी बहीन हाय." मच्छिंद्रने सवयीने कव्हरातून रेकॉर्ड काढली, ठेवली, आवाज पूर्ण सोडला आणि सुई टेकवली. डोळे स्वच्छ असते तर रेकॉर्डवरचा मधला कागद दिसला असता. डोळे स्वच्छ नव्हते.

आधी काहीच वाजलं नाही. मच्छिंद्र भीमाकडे बघत होता. मग तो धडाका बैलांच्या डोक्यावर, अगदी कर्ण्याच्या तोंडाखाली कोसळला. बैल उधळले ते ओढ्यापर्यंत गेले. दमणी उलटली. भीमा हिरव्या शालूत चिखलात पडलेली, आणि तिचा उजवा हात कोपरापासून भलतीकडे वळलेला.

हाडवैद्याने हात बांधला, पण तो वाकडाच बसला. भीमा त्या हाताने भाकरी थापू शकत नव्हती. कोपरगावकडच्या तिच्या सासरी सासू लंकाबाई आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या घरात सून आली आन् भाकरी शेजारनीच्या हातची खावी लागती." भीमा दिवसभर रानात राबायची, पण चुलीपुढे तिला किंमत नव्हती. आणि इकडे नाथाच्या वाडीत मच्छिंद्रचं नाव बैलउधळ्या पडलं. ज्याला आपल्या बहिणीच्या लग्नात धड रेकॉर्ड लावता येत नाही त्याला कोण बोलवणार? छगन महिन्याभरात म्हणाला, "लोकं नको म्हन्त्यात रे, मी काय करू," आणि मशीन उचलून घेऊन गेला.

मच्छिंद्रने स्वतःलाच दोष दिला असता आणि तसाच म्हातारा झाला असता. पण सोनईच्या बाजारात एका हॉटेलात चहा पीत असताना फडक्याच्या आडोशापलीकडून छगनचा आवाज आला. तो चार-पाच जणांना सांगत होता. "मीच घातली ती विंग्रजी त्या कव्हरात. म्हन्लं बघू तरी, लई शाना समजतो सोताला. दमणी पलटी हुईल हे कुनाला म्हाईत!" आणि ते हसले. मच्छिंद्रने कप खाली ठेवला. पलीकडे जाऊन त्याचं टाळकं फोडावं असं त्याला वाटलं. पण टाळकं फुटून आठ दिवसांत बरं होतं. भीमाचा हात बरा होणार नव्हता. छगनचंही असं काही मोडलं पाहिजे जे सांधता येणार नाही, एवढं त्याने त्या बाकड्यावर ठरवलं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. लोक खडी फोडायला गेले, मच्छिंद्र कोपरगावच्या बाजूला एका साखर कारखान्यात वायरमन म्हणून लागला. कारखान्याच्या क्लबात रेकॉर्ड प्लेअर होता. साहेब लोक दुपारी झोपायचे तेव्हा क्लब रिकामा असायचा. मच्छिंद्रने ती रेकॉर्ड जपून बरोबर आणली होती. रविवारी तो आधी भीमाला भेटून यायचा, तिचा हात बघून यायचा, आणि मग क्लबात येऊन ती लावायचा. राग शिळा होऊ नये म्हणून लावायचा. पहिला धडाका झाला की दमणी उलटलेली दिसायची, आणि ते त्याला हवंच होतं.

पण एखादी गोष्ट सारखी ऐकली की ती नुसत्या रागाची राहत नाही. धडाका संपल्यावरही तो बसून राहायला लागला. ही रेकॉर्ड बाकीच्यांसारखी नव्हती. एका बाजूला एकच गाणं, अखंड. मधे कुठे खाडा नाही. ढोल असे वाजायचे की पाय धरायला जावा तर ठेका निसटायचा, सात म्हणावेत तर सहावरच वळायचा. पेटीसारखं काही तरी, पण देवळाएवढ्या छातीचं, खालून भरत यायचं. माणूस गायचा, थांबायचा, परत गायचा. आणि बाजू बरीच पुढे गेली की एकेक करून सगळे गप्प व्हायचे. ढोल गेले, पेटी गेली. असं वाटायचं की संपलं. तो पहिल्यांदा उठलाच होता सुई काढायला. तेवढ्यात अगदी तळातून, कुणी तरी शेजारच्या खोलीत दार लावून वाजवावी तशी बासरी ऐकू आली. एकटीच. ती बराच वेळ वाजायची, सावकाश, आणि मग सगळे एकदम परत यायचे, पहिल्यापेक्षा दुप्पट.

मच्छिंद्रला ते आवडायचं का? कुणी विचारलं असतं तर तो भांडला असता. पण बासरी यायच्या आधी तो बिडी विझवायचा, हे खरं. गोऱ्याच्या त्या बँडची आधीची रेकॉर्ड सगळ्यांनी घेतली, नंतरची घेतली, आणि ही मधली का नाही घेतली, हे त्याला आता कळलं. लोकांनी सुरुवात ऐकली आणि सुई उचलली. छगनने उचलली तशीच.

आणि एका रविवारी बासरीच्या आधीच्या त्या गप्पपणात बसला असताना त्याला छगन आठवला. वेशीतला छगन. मच्छिंद्र ताठ झाला. त्याने रेकॉर्ड परत पहिल्यापासून लावली आणि या वेळी दमणीकडे बघितलं नाही.

भीमाला त्याने मनात काय आहे ते सांगितलं. ती वाकडा हात पदराखाली घेऊन बसली होती. "दादा, सोड की आता," ती म्हणाली. "मी सोडलं."

"तू सोड," मच्छिंद्र म्हणाला. "मी न्हाई सोडनार."

कारखान्याच्या क्लबाने नवीन मशीन घेतलं तेव्हा जुनं मच्छिंद्रने पदरात पाडून घेतलं. पावसाने पुढच्या वर्षी हात दिला. दोन वर्षं नावापुरती झालेली नाथाची यात्रा यंदा जोरात करायची ठरली, आणि मच्छिंद्र पारावर जाऊन उभा राहिला.

आता ही वेशीतली गोष्ट. नाथाच्या वाडीला दोन आळ्या, वरली आणि खालची. यात्रेच्या दिवशी दोन्हींच्या नाथाच्या निशाणाच्या उंच काठ्या वाजतगाजत निघतात आणि वेशीत समोरासमोर येतात. वेस अरुंद, एकच गाडी जाते. आधी कोण जाणार यावर पूर्वी डोकी फुटायची. कर्णे आल्यावर जुन्या माणसांनी तोड काढली. दोन्ही आळ्यांनी आपापल्या गाडीवर कर्णा बांधायचा, बैल सोडायचे, प्रत्येकी एकच मशीन, रेकॉर्ड फिरवायची एकच तबकडी. दोघांनी एका वेळी रेकॉर्ड लावायची. ज्याचा कर्णा गप्प पडेल त्याच्याकडे बोट करून गुरवाने लांबवून म्हणायचं, "कानिफनाथ महाराज कीऽऽ", आणि लोकांनी "जय" म्हणायच्या आत त्याची दुसरी रेकॉर्ड वाजली तर तो वाचला. नाही वाजली तर हरला. माईकमधून बोललेलं धरायचं नाही, रेकॉर्डच वाजली पाहिजे. गुरवाचा दम मोठा असला तरी गाणं बदलायला चपळाई लागायची, आणि भागीच्या दिवसांपासून वेशीत वरल्या आळीच्या मशीनवर छगनच उभा राहत असल्यामुळे त्याने ती इतक्या वर्षांत कमावली होती. उगाच नाकारायचं कशाला. एका हाताने रेकॉर्ड उचलायची, दुसऱ्याने ठेवायची, तिसरा हात असल्यासारखी सुई टेकवायची.

पण छगनला एक खोड होती. समोरचा गप्प पडला की त्याला "जय" पर्यंत धीर धरवत नसे. आपली रेकॉर्ड तशीच वाजू दिली तरी तो जिंकलेला असायचा. पण नाही. सुई उचलायची, खटका माईकवर टाकायचा आणि अख्ख्या गावाला ओरडून सांगायचं, "थांबला रे थांबला!" समोरच्याच्या शांततेत आपला आवाज घुमला पाहिजे, ही त्याची हौस. दर यात्रेला केलेलं, दर यात्रेला गाजलेलं. मच्छिंद्रने सगळं त्या एका खोडीवर लावलं होतं. छगनने यंदा नुसता तोंड मिटून उभा राहायचा शहाणपणा केला असता, तर मच्छिंद्रचा कर्णा गावातून कायमचा उठला असता.

दुपार कलली होती. वेशीत गुलालाचा चिखल झाला होता, माणसं भिंतींवर चढली होती. गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या राहिल्या. मच्छिंद्रने निळं कव्हर बाहेर काढलं आणि छगनने ते ओळखलं. क्षणभर त्याचा चेहरा उतरला आणि मग तो फुललाच.

"परत तीच? आरं, बैलं सोडली का सगळ्यांनी? पोरीबाळींना मागं घ्या!"

वेस हसली. मच्छिंद्रने सुई टेकवली.

आधी काहीच वाजलं नाही, आणि गुरवाने बोट उचललंच होतं तेवढ्यात धडाका फुटला. पुढची माणसं मागच्यांवर पडली. छगनच्या गाण्यातली बाई त्या आवाजात बुडून गेली. छगनने आवाज वाढवला. त्याचं पहिलं गाणं संपलं, गुरव ओरडला, छगनने हसत दुसरी रेकॉर्ड लावली. दुसरं संपलं, तिसरी लावली. मच्छिंद्र हाताची घडी घालून चाकाला टेकून उभा होता. त्याला काही करायचंच नव्हतं. हळूहळू लोकांच्या ध्यानात आलं की ह्याची रेकॉर्ड संपत नाही. "आरं, ह्याचं सरत का न्हाई?" कुणी तरी म्हणालं. छगन घामाघूम झाला. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला. एक सुई वाकली, ती त्याने दातात धरून बदलली आणि तरीही "जय" च्या आत रेकॉर्ड लावली. खालची आळी सुद्धा वाहवा म्हणाली.

आणि मग ढोल गेले. पेटी गेली.

मच्छिंद्रने हाताची घडी सोडली आणि आवाजाचं बटण धरलं. क्लबात हा गप्पपणा त्याने कितीदा ऐकला होता, पण इथे समोर छगनचं गाणं कोकलत होतं, आणि त्यात मच्छिंद्रचा कर्णा मेल्यासारखा वाटत होता. तबकडी फिरत होती, पण गुरव कानाने न्याय करायचा, डोळ्यांनी नाही. बन्सी गुरवाने बोट मच्छिंद्रकडे वळवलं.

"कानिफनाथऽऽ महाराजऽऽ"

वाजव, मच्छिंद्र मनात म्हणत होता. वाजवत बस तुझं गाणं आणि मी मेलो. पण तू वाजवणार नाहीस. तू बोलशील. बोल, भडव्या, बोल.

छगनने सुई उचलली. खटका टाकला. माईक ओठांना लावला.

"थांबला रे थांबलाऽऽ!"

त्याचा आवाज वेशीच्या दगडांवर आपटून विरला, आणि वेशीत दुसरं काही वाजत नसल्यामुळे सगळ्यांना ऐकू आली बासरी. अगदी बारीक, पण वाजत होती. मच्छिंद्रने त्याआधीच आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलं होतं. गुरवाने जीभ चावली. माणसं "जय" साठी उघडलेली तोंडं तशीच ठेवून उभी राहिली.

"ह्याचं चालूच हाय की!" भिंतीवरून कुणी ओरडलं.

गुरवाचं बोट फिरलं ते छगनवर आलं. "कानिफनाथऽऽ महाराजऽऽ कीऽऽ"

इथे छगन वाचला असता. रेकॉर्ड तबकडीवरच होती. सुई हातात होती. नुसता हात खाली न्यायचा होता, आणि असल्या कामात तो हात कधी चुकला नव्हता. पण छगन सुई हवेत धरून उभा होता आणि त्याने मान एका बाजूला कलती केली होती. तो ऐकत होता.

"जय!"

त्याच क्षणी मच्छिंद्रच्या कर्ण्यातून सगळे एकदम परत आले, दुप्पट, आणि खालची आळी वेशीतून आत घुसली. काठी पुढे, ढोल मागे, गुलाल सगळीकडे. मच्छिंद्रला दोघा-तिघांनी उचललं. बैलउधळ्या कुणी म्हणालं नाही. त्याने खांद्यांवरून मागे वळून पाहिलं. छगन अजून तसाच उभा होता.

मिरवणूक देवळाकडे गेली. मच्छिंद्र खाली उतरून परत वेशीत आला. गाडी नुसती हलवायची होती, पण तो त्यासाठी आला नव्हता. छगन एकटाच कर्ण्याच्या दोऱ्या सोडत होता. ती चार टाळकी कुठे गेली होती देव जाणे. मच्छिंद्रचं मशीन चालूच होतं, पहिल्या बाजूचा शेवट वाजत होता, आणि आता हा शेवट वेशीत दोघांशिवाय कुणी ऐकत नव्हतं.

"भीमाच्या लग्नात रेकॉर्ड कुनी बदलली?" मच्छिंद्रने विचारलं.

"मी." छगनने मान वर केली नाही. "तुला म्हाईत हाय."

"तुझ्या तोंडून ऐकायचं हुतं."

"ऐकलं न्हवं? जातो मी आता. हितं कर्णा न्हाई तर धंदा कसला? सोनईला जातो. मामाचं दुकान हाय तिथं."

मच्छिंद्रला वाटलं होतं की हे ऐकल्यावर छातीवरचं ओझं उतरेल. काही उतरलं नाही. त्याला आणखी हवं होतं, आणि काय हवं ते कळत नव्हतं. छगनने दोरी गुंडाळली, कर्णा उलटा करून गाडीत ठेवला, आणि तरी तो निघेना. त्याचं लक्ष मच्छिंद्रच्या तबकडीवर होतं. रेकॉर्ड संपली. सुई मधल्या कागदाशी खरखरत राहिली.

"मच्छिंद्र," छगन म्हणाला. "ती बासरी. ती परत येती का?"

मच्छिंद्रने त्याच्याकडे पाहिलं. छगनच्या तोंडावर आता कसलीही हुशारी नव्हती. रविवारी दुपारी क्लबाच्या आरशात मच्छिंद्रने स्वतःचं जे तोंड पाहिलं होतं तेच ते. दोन वर्षं त्याला या रेकॉर्डबद्दल बोलायला एक माणूस मिळाला नव्हता. भीमाला ती ऐकवायची सोय नव्हती. साहेब लोक हसले असते. साऱ्या तालुक्यात ती ऐकायचा कान असलेला एकच माणूस निघाला, आणि तो हा.

"येती," मच्छिंद्र म्हणाला.

"कवा?"

"दुसऱ्या बाजूला. लई पुढं. आन् मग एकटी नसती ती."

"म्हंजी? संगं काय असतं?" छगन गाडीजवळ आला. "लाव की. एकदाच. मी हितं बसतो, बोलत न्हाई."

मच्छिंद्रचा हात तबकडीवर गेला. त्याने रेकॉर्ड उचलली, दोन्ही तळव्यांत धरली आणि उलटी केली. छगन चाकाशी उकिडवा बसला, हात गुडघ्यांवर, शाळेत बसायचा तसा. मच्छिंद्रला ते सगळं दिसत होतं. लावली असती तर दोघांनी ऐकली असती, मग बिडी पेटवली असती, मग ढोलांचा ठेका कुठे निसटतो यावर भांडले असते, आणि उद्या परवा सगळं विसरून गेले असते. तिकडे कोपरगावला भीमा त्याच वेळी शेजारणीच्या दारात परात घेऊन उभी असेल, भाकरी थापून द्या म्हणून.

त्याने रेकॉर्ड कव्हरात घातली. मशीन बंद केलं.

"लाव की रं," छगन म्हणाला.

"न्हाई."

"आरं, हरलो न्हवं मी? गाव सोडतोय न्हवं?"

"ते वायलं," मच्छिंद्र म्हणाला, आणि त्याने बैल जुंपले. आता काय हवं होतं ते त्याला कळलं होतं. सांधता न येणारं ते हेच.

गाडी ओढ्यापर्यंत गेली तोवर छगन मागून चालत होता. तो शिव्या देत नव्हता, माफी मागत नव्हता. नुसतं विचारत होता. "बरं, ऐकवू नको. संगं काय वाजतं तेवढं तर सांग." मच्छिंद्रने मागे पाहिलं नाही. ओढा आला तसा छगन थांबला.

मच्छिंद्रने माफ केलं, पुढे दोघे भेटले, असं काही या गोष्टीत नाही. छगनने सोनईत मामाच्या दुकानात रेकॉर्डी ठेवल्या. नगरला गेला की तो प्रत्येक दुकानात मर्क्युरी ऑर्चर्ड विचारायचा. एकाने आधीची काढून दिली, एकाने नंतरची. मधली कुणाकडेच नव्हती. मग वाडीतून सोनईच्या बाजाराला गेलेल्या माणसाबरोबर तो मच्छिंद्रला निरोप धाडायचा, दर वेळी एकच, त्या बासरीचं पुढं काय होतं तेवढं कळव म्हणावं.

निरोप घेऊन आलेला माणूस दारात उत्तरासाठी उभा राहायचा. मच्छिंद्र त्याला बसवायचा, पाणी द्यायचा, चहाही द्यायचा.

"वाजतीय म्हनून सांग त्याला," तो म्हणायचा. "रोज वाजतीय."